पडदेवालीची शिकवणी

सगळी गल्ली तिला पडदेवाली म्हणायची. बाजारातल्या पडद्यांच्या दुकानात, मागच्या खोलीत, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ती दिवसभर मशीन चालवायची. दुसऱ्यांच्या खिडक्या सजवणाऱ्या बाईला स्वतःला एक खिडकी नसावी, यावर मालकापासून हमालापर्यंत सगळ्यांचे विनोद करून झाले होते. पण काम चोख. एकदा पडदा टांगून झाल्यावर त्याची खालची दुमड एका कोपऱ्यात जराशी वर गेलेली दिसली, तर गिऱ्हाईक ‘राहू द्या हो’ म्हणत असताना तिने तो उतरवून घेतला, सगळा उसवला आणि परत शिवून दिला. हातात घेतलेलं काम अर्ध्यावर सोडायचं नाही, ही तिची खोड. मी खोडच म्हणेन, गुण म्हणणार नाही. गुण असता तर तिच्या कामी आला असता.

घरात चार माणसं. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. माणूस वाईट नव्हता, नुसता मऊ होता, आणि मऊ माणसाशी संसार करणं म्हणजे ओल्या भिंतीत खिळा ठोकणं. सासू होती, तिचा शब्द घरात शेवटचा. आणि बटण होती. बटण ही पडदेवालीच्या धाकट्या दिराची मुलगी. दीर आणि जाऊ अपघातात एकाच दुपारी गेले तेव्हा पोर नुकती कुठे बसायला लागली होती. पडदेवालीने तिला उचललं ते उचललंच. दुकानात मशीनशेजारी कापडाच्या ढिगात तिला निजवायची. जरा रांगायला लागल्यावर पोरीने शिवणाच्या डब्यावर असा काही डोळा ठेवला, की तिच्या तोंडातून बटणं काढता काढता पडदेवालीच्या नाकी नऊ आले. म्हणून ती बटण. बोलायला लागली तेव्हा तिने हिलाच आई म्हटलं. कुणी शिकवलं नव्हतं. सासूनेही ते ऐकलं आणि तेव्हा तरी ती काही बोलली नाही.

‘रीतसर दत्तक घेऊन टाका,’ असं दुकानाच्या मालकाने एकदा सुचवलंही होतं. नवऱ्याने ते हसण्यावारी नेलं. “घरच्याच पोरीला कसले कागद? उद्या म्हणाल, बायकोचीही पावती दाखव!” सगळे हसले. पडदेवाली सगळ्यांत जास्त हसली. आपल्या माणसांत कागद करायचे म्हणजे आपल्याच माणसांवर अविश्वास दाखवायचा, असं या घरात सगळ्यांनाच वाटायचं. मुलीची पालक म्हणून सरकारदरबारी नाव लागलं ते आजीचं. तेसुद्धा शाळेत कुणाची तरी सही लागायची म्हणून.

थोरली नणंद लग्न होऊन परदेशी गेली होती. तिथेच रमली, घर झालं, गाडी झाली, मूल मात्र झालं नाही. मूल पडदेवालीलाही झालं नव्हतं. पण लेकीला मूल नाही हे सासूचं दुःख होतं, आणि सुनेला नाही हा सुनेचा दोष होता. लेकीचा विषय निघाला की सासूचे डोळे भरून यायचे. सुनेचा विषय चहा हवा असला की निघायचा.

बटण शाळेत जायला लागली, त्याच वर्षी माय-लेकींचं फोनवर ठरलं. फोन खाली ठेवून सासूने जाहीर केलं, “ताई नेतेय पोरीला. रीतसर दत्तक घेणार. तिकडे तिला स्वतःची खोली असेल.”

“आणि मी?” पडदेवालीने विचारलं.

“तुझं काय? तू आहेसच की इथे.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटात पाहत होता. “ताईचं वय होत चाललंय गं,” तो शेवटी म्हणाला. “आणि आपण पोरीला काय देणार?”

“आत्तापर्यंत दिलं तेच.”

यावर त्याने जी तोंडात मिठाची गुळणी धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. भावाची मुलगी बहिणीला देताना त्याला वाटत असेल की घरातलंच घरात राहतंय. आपल्या बायकोच्या हातून काही जातंय, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच तो ताटात पाहत होता.

मग वकील आला. त्याने पहिल्याच बैठकीत पोरीला पडदेवालीच्या पदराशी पाहिलं, तिला आई म्हणताना ऐकलं, आणि कपाळाला हात लावला. “हे आधी बंद करा,” तो म्हणाला. “दत्तकाच्या कचेरीतल्या बाई घरी येतील, मुलीशी एकटीशी बोलतील. मुलगी घरात कुणाला तरी आई म्हणते असं दिसलं की प्रकरण अडकलं. आणि अडकलं की निकाल लागेपर्यंत मुलीला संस्थेतही ठेवतील, सांगता येत नाही.”

संस्थेचं खरं होतं की वकिलाने उगाच भीती घातली, देव जाणे. पडदेवालीने मात्र ते मनावर घेतलं. एकदा दुकानातून एका संस्थेत पडदे टांगायला ती गेली होती. ओळीने खाटा होत्या, प्रत्येक खाटेवर एक मूल होतं, आणि एकही मूल रडत नव्हतं. त्याचाच तिला जास्त धसका बसला होता.

आधी बाकीच्यांनी प्रयत्न करून पाहिले. सासूने धाक दाखवला, नवऱ्याने चॉकलेटं आणली. पोरीने धाकही ऐकून घेतला, चॉकलेटंही खाल्ली आणि दोन्हीनंतर “आई, पाणी दे,” म्हणाली. शेवटी सासू म्हणाली, “तूच शिकव. तुझंच ऐकते ती.” ज्या बाईच्या गळ्यावर सुरी ठेवायची, तिलाच ती धार लावायला द्यायची, हा या घराचा न्याय.

तिने शिकवलं. पहिल्यांदा खेळ म्हणून. “आई म्हटलंस की मला ऐकूच येणार नाही, काकू म्हटलंस तर येईल.” बटण खिदळायची, कानाशी येऊन ओरडायची, आणि ही ठार बहिरी होऊन शिवत बसायची. पोरीला मोठी गंमत वाटली. मग एके दिवशी ती पायरीवरून पडली, गुडघा चांगलाच फुटला, आणि तिने टाहो फोडला तो “आई!” म्हणून. पडदेवाली भांडी घासत होती. हात थांबले, पण तिने मान वळवली नाही. पोर ओरडत राहिली, ही पाठमोरी उभी राहिली. रडता रडता शेवटी “काकू” आलं, तेव्हा कुठे तिने वळून पोरीला उचललं. नवऱ्याने दारातून हे सगळं पाहिलं आणि चपला घालून तो बाहेर निघून गेला. त्याला पाहवलं नाही म्हणे. हिला मात्र करावं लागलं.

शब्द बसल्यावर उत्तरं. मशीन चालवता चालवता पाढे घ्यावेत तशी ती घ्यायची. कुणाकडे जायचंय? आत्याकडे. कोण आवडतं? आत्या. इथे राहायचं का? नाही. पोर हुशार, एकदा सांगितलं की पक्कं. थोडक्यात, काम चोख झालं. कचेरीतल्या बाई घरी येऊन गेल्या आणि ‘मुलगी किती समंजस आहे’ असं म्हणाल्या. सासूने त्या दिवशी पहिल्यांदा सुनेचं कौतुक केलं. तेही शेजारणीजवळ.

नणंद आणि तिचा नवरा आले. नणंदेला वाईट ठरवता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ती तशी नव्हती. तिने आल्या आल्या पडदेवालीचे दोन्ही हात धरले. “अगं, तुझे उपकार मी कसे फेडू?”

“त्यात काय, ताई,” ही म्हणाली. आणखी काय म्हणणार?

“तिला काय लागतं, काय नाही, सगळं सांगून ठेव हं मला.”

तिने सांगितलं. दूध कोमट लागतं. केस विंचरताना आधी टोकं सोडवायची. ताप आला की ती गप्प होते, म्हणून गप्प झाली की कपाळाला हात लावून बघायचं. झोपताना तिला कुणाचा तरी कान धरायला लागतो.

“मग माझा धरेल!” नणंदेचा नवरा हसत म्हणाला. “चांगले मोठे आहेत.”

सगळे हसले. बटणही हसली आणि लगेच जाऊन तिने तो कान ओढून पाहिला. पडदेवालीला तेव्हा असा राग आला की तिने उठून स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी परत धुतली.

शेवटची भेट कचेरीत होती. तेवढी झाली की कोर्टाचा हुकूम, मग पासपोर्ट, व्हिसा आणि विमान. लांबट खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, टेबलावर काच. सगळ्यांशी बोलून झाल्यावर त्या बाईंनी पडदेवालीला आणि बटणला तेवढं आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“एक गोष्ट राहून गेलीय,” बाई म्हणाल्या. “जवळचं कुणी इथेच मुलीला सांभाळायला तयार असेल, तर आधी त्यांचा विचार करायचा असा नियम आहे. तुम्हा नवरा-बायकोला कुणी विचारलेलं दिसत नाही. तुमची तयारी आहे का?”

इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. विचारणारी परकी होती आणि तेही नियम म्हणून विचारत होती. बाहेर सासू होती, नवरा होता, तिकिटांच्या चौकशा करत बसलेली नणंद होती. त्या सगळ्यांचं काय होईल, घरी गेल्यावर आपलं काय होईल, याचा पडदेवालीने विचार केला नाही.

“हो,” ती म्हणाली. “मी तयार आहे.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि मग त्या पोरीकडे वळल्या. “बाळ, तुला काकूकडे राहायचंय की आत्याकडे जायचंय?”

बटण खुर्चीवरून उतरली. हात मागे बांधून ताठ उभी राहिली. “आत्याकडे.”

“इथे नाही राहायचं?”

“नाही.”

“कोण आवडतं तुला?”

“आत्या.”

“आणि काकू?”

हे शिकवणीत नव्हतं. पोर क्षणभर अडखळली. “काकू काकू आहे,” ती म्हणाली.

“बाई, हे तिचं बोलणं नाही,” पडदेवाली घाईघाईने म्हणाली. “हे मी शिकवलंय तिला. वकील म्हणाले म्हणून. ती मला आई म्हणते, बाई. पहिल्यापासून आईच म्हणायची.”

बाईंनी पोरीला विचारलं, “हो का गं? तू यांना आई म्हणतेस?”

बटणने मान हलवली. इतक्या जोरात, की वेण्या गालांवर आपटल्या. “नाही! कधीच नाही!” आणि तिने अभिमानाने पडदेवालीकडे पाहिलं. सगळ्यांत अवघड प्रश्नाला ती फसली नव्हती.

बाईंनी सुस्कारा सोडला. त्या दुष्ट नव्हत्या, त्यांनी असं पुष्कळ पाहिलेलं होतं, आणि पुष्कळ पाहिलेल्या माणसाला समोरचं वेगळं असू शकतं हे पटत नाही. “शेवटच्या घटकेला सगळ्यांचंच मन मागे फिरतं,” त्या मायेने म्हणाल्या. “लळा लागतोच. पण मूल इतकं ठाम सांगतंय, तर त्याचं ऐकायला नको का? तिला कोड्यात टाकू नका.”

बाहेर आल्यावर सासूने विचारलं, “नीट सांगितलंस ना?”

“पोरीने सांगितलं,” पडदेवाली म्हणाली.

नवऱ्याने तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि तो जिन्याच्या पायऱ्या उतरायला लागला.

जायच्या दिवशी सामान खाली गेलं, सामानामागून माणसं गेली. वर खोलीत दोघीच उरल्या. पडदेवाली खाली बसून बटणच्या बुटाची नाडी बांधत होती. बांधून झाली तरी तिने बूट सोडला नाही.

“आता कुणी नाहीये,” ती हळूच म्हणाली. “एकदा म्हण ना.”

“काय?”

“आधी म्हणायचीस ते. आई म्हण.”

बटणने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग ती गालात हसली. “मागे पण तू असंच केलं होतंस. कुणी नाहीये म्हणालीस, आणि मी म्हटलं तर माझ्याशी बोललीच नाहीस.”

“तेव्हा शिकवत होते गं. आता खरंच सांगतेय.”

“तेव्हापण खरंच म्हणाली होतीस.” पोरीने बोट नाचवलं. “मी नाही फसणार!”

पडदेवालीने शिकवणीत एके दिवशी खरोखरच असं केलं होतं, आणि पोर संध्याकाळपर्यंत तिच्या मागे मागे फिरली होती. खालून आत्याने हाक मारली. बटणने पाय सोडवून घेतला, “आले!” म्हणत ती धावत सुटली, आणि जिन्याच्या वळणावर थांबून तिने वर पाहिलं.

“येते हं, काकू!”