पाणवठ्यावर नेलेली फौज

चौथीच शिकले, त्यामुळं अक्षर गिचमिड आणि शुद्धलेखन चुकीचं, त्याची माफी असावी. ही वही तशीही कुणी वाचणार नाही. आज चपलांचं नवं खोकं उघडलं, पुठ्ठ्याचा वास आला आणि लेकीच्या खेळाचा तो डबा आठवला. लेक डॉक्टरकीला जायच्या प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती. जेवण नाही, बोलणं नाही. मी रानात जाणं सोडलं, तिला एकटी ठेवायची भीती वाटायची. तिच्याकडं राजे आणि राक्षसांच्या लढाईचा पट होता. आम्ही दोघी खेळायचो, मी दर वेळी हरायचे. त्या पटाला जोडायचा नवा डबा तिनं आधीच मागवला होता, तो नेमका तेव्हा आला. तिनं बघितलाही नाही. काही सुचेना, म्हणून मीच फोडला. इंग्रजी येत नाही, पण चित्रांवरून कळलं, की आता नुसत्या तलवारी पुरणार नाहीत. दुष्काळ पडणार, पाण्याविना फौज मरणार. पटावर पाणवठा एकच. शेळ्या नेतात तशी मी सगळी फौज तिकडं नेली. मागून आवाज आला, "आई, किल्ला मोकळा कावून सोडलास?" "पाण्याबिगर किल्ला काय चाटायचाय?" ती उठून बसली. "असं न्हाई चालत. एका डावात एकच तुकडी हलती." "मग तू हलव की." तिनं हलवली, आणि खेळता खेळता माझ्या ताटातली भाकरी मोडली. आता ती अंबाजोगाईला नर्सिंग शिकते. फोनवर अजून म्हणते, तू नियम मोडलास. मला नियम ठाऊक नव्हता. ठाऊक असता तरी मोडलाच असता.