हात रंगवायचे नाहीत

ओदीलिया सगळं रंगवायची, हात सोडून.

काळ्या-पांढऱ्या फोटोवर अंगावर नसलेला कोट रंगवायची, गळ्यात नसलेली माळ रंगवायची, पडलेले दात परत बसवायची. शवपेटीतल्या म्हाताऱ्याचा फोटो घेऊन कुणी यायचं, "दोना ओदीलिया, बाबांचे डोळे तेवढे उघडून द्या." आठवड्याभरात बाबा डोळे उघडून, टाय लावून, किंचित हसत भिंतीवर चढायला तयार! पुढच्या खोलीत तिनं रंगवलेली नवरा-बायकोची जोडी टांगलेली नाही, असं घर आमच्या सेआरा प्रांतातल्या त्या कोरड्या मुलखात शोधून सापडलं नसतं.

पण कुणी म्हणालं, "हातांच्या भेगा जरा बुजवा की," तर ती ब्रश धुवायला घ्यायची.

"अंगठी हवी असेल तर देते. हात आहेत तसे राहतील."

का, ते तिनं कधी धड सांगितलं नाही. फादरना म्हणाली, "हात मला जमतच नाहीत." औषधवाल्याच्या बायकोला म्हणाली, "हातांना वेगळा रंग लागतो बाई, तो फोर्तालेझा शहरातून येतच नाही." मी विचारलं तर म्हणाली, "झेफा, तू केस कर."

केस करणं हा माझा धंदा. तिचा स्टुडिओ आणि माझं दुकान यांच्यात एकच भिंत, आणि त्या भिंतीला दार. माणसं आधी माझ्या खुर्चीत बसायची, पावडर-पिना करून घ्यायची आणि मग त्या दारातून पलीकडे तिच्या पडद्यासमोर जायची. पडद्यावर निळंशार तळं आणि दोन हंस. आमच्या नदीत वर्षातला बराच काळ वाळू आणि शेळ्या, पण लग्न ठरलं की जो तो तळ्याकाठी! खिळ्याला एकच काळा कोट टांगलेला. तो पाठीवर उभा फाडून नाड्या लावलेल्या, म्हणजे बारक्यालाही होतो आणि ढेरपोट्यालाही. गावातला प्रत्येक नवरदेव पुढून साहेब आणि मागून उघडा.

"दोना, मागून वारा लागतोय."

"लागू दे. कॅमेरा पुढं आहे."

ती स्वतः कुठल्याशा लांबच्या वस्तीवरच्या मातीच्या घरातली. गावोगाव गाढवावरून कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या फोटोवाल्याशी लग्न करून इथं आली. पुढं तो एका बाजाराच्या दिवशी ट्रकमध्ये बसून दक्षिणेकडं गेला तो गेलाच. कॅमेरा मागं राहिला. "दोघांतलं जे कामाचं होतं ते राहिलं," एवढंच ती म्हणायची, आणि काळ्या कापडाखाली डोकं घालायची.

तर, मे महिन्यात एका दुपारी आल्झेनीर आली. माझ्या खुर्चीकडं न बघता सरळ पलीकडं गेली. मी हातातला कंगवा घेऊन मागोमाग.

"बस की," ओदीलिया म्हणाली.

"बसायला वेळ नाही," म्हणत आल्झेनीर बसली. रुमालाची गाठ सोडून तिनं नखाएवढा फोटो काढला. मतदार कार्डावरचा. हनुवटीवर शिक्क्याची कड उमटलेली. "ही दालवा."

दालवा आम्हाला माहीत होती. सेउ होनोरातोची पहिली बायको. रोझिल्दा अजून नीट बोलायलाही लागली नव्हती, तेव्हा तापानं गेली. वर्षभरानं आल्झेनीर त्या घरात आली आणि रोझिल्दाला तिनंच वाढवलं. रोझिल्दा तिला पहिल्या दिवशी 'दोना आल्झेनीर', म्हणजे आल्झेनीरबाई, म्हणाली, ते तसंच राहिलं. दोना आणि वर अगं-तुगं.

आता रोझिल्दाचं लग्न जूनमध्ये, संत योहानाच्या होळ्या पेटायच्या आधी. आमच्याकडं नवरी नव्या घरात पाऊल टाकायच्या आत त्या घरात आई-बापाचा फोटो जातो. आधी ते भिंतीवर, मग पोरगी उंबऱ्यात.

"रोझिल्दा म्हणाली, फोटोत आई हवी."

"आणि तू?"

"ती म्हणाली, आई हवी."

"कान आहेत मला. तू कुठं उभी राहणार, ते विचारतेय."

"मी कशाला? मी तर लग्नातच असणार आहे. बोकड कोण शिजवणार मग?"

ओदीलियानं भिंग लावून दालवा बराच वेळ बघितली. "तोंड मोठं करता येईल. अंगाचं काय?"

हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक होतं. नुसतं तोंड असेल तर त्याच बांध्याची एखादी बाई खुर्चीत बसवायची, तिचा फोटो घ्यायचा आणि मग वर गेलेल्या माणसाचं डोकं चढवून एकसारखं रंगवायचं. औषधवाल्याची सासू खांद्यापासून खाली मी आहे. गावात बऱ्याच भिंतींवर मी आहे, डोकं सोडून.

"झेफाला बसवू," ओदीलिया म्हणाली.

"झेफा जाड आहे," आल्झेनीर माझ्यादेखत म्हणाली. "दालवाचे कपडे मला बरोब्बर आले होते. मीच बसते."

ओदीलियानं भिंग खाली ठेवलं. "म्हणजे बसायचं तू, आणि दिसायचं तिनं."

"हो."

"रोझिल्दाला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? लग्नाच्या तोंडावर पोरीच्या डोक्याला ताप."

"मला नाही आवडलं हे."

"तुला आवडायला नाही आले मी. रंगवायला सांगायला आलेय."

ती गेल्यावर मी म्हटलं, "तुम्हीच घाला की हिला मागं उभी करून. कोण बोलणारंय?"

"घरानं मागितलं ते मी देते," ओदीलिया म्हणाली. "माझ्या मनानं कुणाला घरात घालायला लागले, तर उद्या अख्खं गाव माझ्या दारात भांडायला येईल. आणि झेफा, तू खरंच जाड झालीयेस."

फोटोच्या दिवशी रोझिल्दा लग्नाचा झगा घालून आली. होनोरातोला कोटाच्या नाड्या मी बांधल्या. पलीकडं गेलो, तर तळ्यासमोरच्या खुर्चीत आल्झेनीर आधीच बसलेली, निळ्या झग्यात, पाठ ताठ.

"तू बसलीस?" रोझिल्दा दारातच थांबली.

"मापाला गं. तुझ्या आईच्या मापाला."

"आणि नंतर?"

"नंतर काय? नंतर घरी जाऊन मका दळायचाय."

रोझिल्दा जाऊन बापाच्या शेजारी उभी राहिली.

ओदीलियानं काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि तिथूनच ओरडली, "हात उघडे ठेव."

आल्झेनीरची सवयच होती, डावा हात उजव्याखाली लपवायची. डाव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. कसाव्याचे कंद किसून पीठ करायच्या घाण्यावर काम करायची तेव्हाची गोष्ट. रोझिल्दा लहान होती, सालींच्या ढिगात खेळत होती. तिनं मागून हाक मारली, आल्झेनीर वळली आणि किसणीच्या चाकानं पेर नेलं. पोरीला तेव्हा सांगितलं, काही झालं नाही. पुढंही त्या घरात तो विषय कुणी काढला नाही.

"दालवाचं बोट धड होतं," आल्झेनीर हळूच म्हणाली.

"हात. उघडे. ठेव."

ठेवले. मांडीवर, एकाशेजारी एक. ओदीलियानं बटण दाबलं.

नंतर रोझिल्दा माझ्या खुर्चीत आली. पिना काढताना आरशात बघितलं, तर डोळे भरलेले.

"दोना झेफा, तिला माझ्या आईशेजारी उभंच राहायचं नाहीये. मला वाटलं होतं, दोघी असतील. एक बसलेली, एक उभी."

"मग म्हण की तिला."

"मी का म्हणू? तिला वाटायला नको? लहानपणापासून बघतेय, आईचं नाव निघालं की ही उठून चुलीकडं जाते."

मी बाहेर जाऊन होनोरातोला गाठलं. "सेउ होनोरातो, तुम्ही तरी बोला घरात."

"मी बोललो की त्या दोघी एक होतात," तो नाड्या सोडत म्हणाला. "माझ्याविरुद्ध."

लग्नाच्या दिवशी सकाळी रोझिल्दा डोकंभर रोलर लावून माझ्या खुर्चीत होती. आल्झेनीर दाराला टेकून उभी. तिच्या अंगाला कोथिंबीर-लसणाचा वास. ती फोटो न्यायला आली होती. चर्चच्या आधी नव्या घरात टांगून यायचा होता. ओदीलिया वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट घेऊन आली आणि तिनं ती आल्झेनीरच्या हातात न देता रोझिल्दाच्या मांडीवर ठेवली.

"आधी तू बघ."

कागद सुटला. दालवाच होती ती! शिक्क्याची कड पुसली गेली होती, गालांवर रक्त आलं होतं, गळ्यात मोत्यांची माळ. शेजारी होनोरातो साहेब झालेला आणि रोझिल्दा पांढरीशुभ्र.

"हसतेय," रोझिल्दा म्हणाली. "आई हसतेय. मी तिला हसताना कधी..." आणि तिनं तोंडावर हात दाबून धरला.

आल्झेनीरनं मान तिरकी करून बघितलं. "छान झालीये. दे, टांगून येते."

रोझिल्दानं चौकट सोडली नाही. तिचे डोळे माळेवरून खाली उतरले होते, मांडीपर्यंत. तिनं बोट ठेवलं.

"हे आईचे हात नाहीत."

आल्झेनीर घाईनं पुढं आली. "तरी मी हिला सांगत होते! ओदीलिया, रंगव ना गं तेवढं. एक पेर जोडायला किती रंग लागतो? माझ्यामुळं पोरीचा फोटो..."

"हात मी रंगवत नाही. तुला माहीत आहे."

"आजच्या दिवस रंगव!"

"कुणी रंगवा म्हटलंय?" रोझिल्दा एवढ्या जोरात ओरडली, की एक रोलर सुटून जमिनीवर घरंगळला. "मी म्हटलं? हे बोट माझ्या हाकेनं गेलंय. मला आठवत नाही, असं वाटतं तुला? तुझे हात आहेत, तुझा बांधा आहे, तू अख्खी बसलीयेस इथं. मग तोंड कुठंय तुझं?"

"तू म्हणालीस, आई हवी..."

"हवीच! म्हणून तू नको, असं कधी म्हणाले?"

"पण तू म्हणालीही नाहीस ना, की मी हवी," आल्झेनीर म्हणाली. "मला वाटलं, तुझ्या नव्या घरात ती एकटी असू दे. निदान तिथं तरी तिची जागा कुणी घेतलेली नको."

"जागा घेतलीस कुठं? आणि मला वाटलं, तुला तिच्याशेजारी लाज वाटते."

"लाज? अगं, तिचे कपडे फाटेपर्यंत घातले मी."

मी पावडरचा डबा उघडा धरून नुसती उभी. ओदीलियानं मात्र झगा कमरेला खोचला आणि म्हणाली, "रडून झालं असेल तर उजेड चांगला आहे तोवर पलीकडं चला. झेफा, हिचे केस कर."

"चुलीवर बोकड आहे!" आल्झेनीर म्हणाली.

"तो कुठं पळून जात नाही," रोझिल्दा म्हणाली. "तू नाही आलीस तर मी चर्चमध्ये येत नाही. बस."

आल्झेनीर माझ्या खुर्चीत बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. केस धुतलेले होते, पण विंचरायला वेळ मिळालेला नसावा. मी अंबाडा घालत होते आणि ती आरशात स्वतःकडं न बघता दाराकडं बघत होती.

पलीकडं ओदीलिया खुर्ची सरकवत होती. "तू मागं उभी राहा. हात दालवाच्या खांद्यावर. पण हात टेकवायला खांदा हवा. झेफा..."

"झेफा जाड आहे," रोझिल्दा म्हणाली आणि स्वतःच जाऊन खुर्चीत बसली. लग्नाचा झगा, डोकंभर रोलर, मागं तळं आणि हंस.

आल्झेनीर मागं उभी राहिली. उजवा हात पुढं करू लागली, तर ओदीलिया कापडाखालून म्हणाली, "डावा."

आल्झेनीरनं डावा हात रोझिल्दाच्या खांद्यावर ठेवला. रोझिल्दानं मान वळवून करंगळीवर गाल टेकवला.

"मान सरळ," ओदीलिया म्हणाली. पण बटण दाबायला तिनं बराच वेळ लावला. कापडाखाली काय करत होती कोण जाणे.

त्या दिवशी बोकड जरा करपला. नव्या घरातला खिळा काही दिवस रिकामाच राहिला, आणि पोरगी आई-बापाच्या आधी उंबरा ओलांडून गेली, म्हणून म्हाताऱ्यांनी पुष्कळ तोंडं वाकडी केली. मग नवा फोटो आला, पहिल्याच फोटोतल्या बसलेल्या दालवामागं आता आल्झेनीर उभी चढवलेली. खांदा रंगवून दालवाचा झाला होता. हात तसेच होते.

ओदीलिया आता नाही. तिचा तो पडदा माझ्या दुकानात आहे, एक हंस पार उडून गेलाय. रोझिल्दाकडं गेलं की मी अजून त्या फोटोखाली बसते. नवं माणूस आलं की कॉफी पिताना वर बघतंच. एक बाई बसलेली, एक मागं उभी. तोंडं वेगळी, पण बसलेलीच्या मांडीवर आणि उभीच्या हाताला तीच अपुरी करंगळी.

"बहिणी होत्या का या?"

"हो," रोझिल्दा कपात साखर घालत म्हणते. "एकाच घरातल्या."