काजीचा चीक

"बाईनु, घेवा तुमचा शास्त्र!" असं म्हणून ती माझ्या टेबलावर तीन करवंट्या ठेवायची. एकीत मीठ, एकीत साखर, एकीत खोबरेल.

ती कसालजवळच्या आमच्या हायस्कुलात खिचडी शिजवायची. मुलं तिला काकी म्हणत. मी साताऱ्याहून आलेली, रसायनशास्त्र शिकवणारी. रासायनिक बंधाचा पाठ आला की सामान तिच्याकडून यायचं. मिठाच्या पाण्यातून वीज जाऊन दिवा लागे, साखरेच्या पाण्यात लागत नसे. ती हातात पळी घेऊन दारातून पाहायची. तेल पाण्यावर तरंगलं की म्हणायची, "त्याल कोणात मिसळणा नाय. तुमच्यासारखा!" वर्ग हसे, मीही हसे. थोडं लागायचंही, कारण ते खोटं नव्हतं.

काजूच्या दिवसांत ती शाळा सुटल्यावर कारखान्यात बिया फोडायला जायची. तेव्हा तिची बोटं काळी पडत. अशी बोटं तुम्हीही पाहिली असतील, आणि माझ्यासारखीच नजर फिरवली असेल.

एका वर्षी काजूच्या दिवसांतच तपासणीला साहेब यायचे होते. मुलांच्या रांगेसमोर मी तिला म्हटलं, "काकी, हात धुऊन या. साबणाने." ती धुऊन आली. मी परत पाठवलं. पुन्हा आली तेव्हा हात ओले आणि तसेच काळे.

"हो काजीचो चीक, बाईनु. साबणान जाणा नाय. कातडी गळली काय मगे जातलो."

मला ती सबब वाटली. अशा हातांनी मुलांना वाढणं बरं नाही, असं हेडमास्तरांना मीच सांगितलं. त्यांनी तिला घरी बसवून दुसरी बाई ठेवली. त्याच दुपारी मी फळ्यावर लिहिलं, तेलकट पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत. काजूचा चीकही तेलकटच, हे लिहिताना मला सुचलं नाही.

दोन आठवड्यांनी शेजारणीने ओले काजू दिले. मी हौसेने सोलत बसले. आधी बोटं जळजळली, मग काळी पडली. साबण झाला, लिंबू झालं, काही उपयोग नाही. त्याच हातांनी मी शाळेत खडू धरला, वह्या तपासल्या. मला कुणी हात धुवायला सांगितलं नाही.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. माफीचं वाक्य वाटेत जुळवलं होतं. तिने माझी बोटं पाहिली, खोबरेल आणलं आणि एकेक बोट चोळू लागली.

"आधी त्याल लावूचा, मगे काजी धरूचे. कारखान्यात आमका कोण त्याल देता? तुमका ह्या कोणी सांगूक नाय?" मग नजर न उचलता विचारलं, "शाळेत माझी जागा आसा काय ओ अजून?"

जागा भरली होती. मी नुसती नकारार्थी मान हलवली. जुळवलेलं वाक्य तोंडातून निघालंच नाही.

पुढे ती रेडीला लेकीकडे गेली, ती परत आली नाही. माझी कातडी पंधरा दिवसांत गळून बोटं स्वच्छ झाली.

आता त्या पाठाला मीठ, साखर, तेल मी घरून नेते, तिच्याच करवंट्यांतून. काजूच्या चिकाचंही उदाहरण देते, आधी तेल का लावायचं ते समजावते. एखादी मुलगी विचारते, "बाई, तुमका ह्या कोणी शिकवल्यान?"

"पुस्तकात आहे," असं मी सांगते.