पाच बांधांची लढाई

चाळिशी उलटलेल्या बाईने जेवणाच्या टेबलावर युद्ध मांडू नये, असा नियम असलाच तर तो मला कुणी सांगितला नव्हता. दोन महिने आमचं घर जमिनीवर बसून जेवत होतं. टेबलावर चार फुटी प्लायवूड पसरलेलं आणि त्यावर एकाहत्तरच्या लढाईतलं एक शेत हळूहळू उगवत होतं. आजच्या बांगलादेशातल्या त्या शेतातून माझे सासरे, आमचे बाबा, तरुणपणी शिपाई म्हणून धावले होते. गावच्या शाळेने सव्वीस जानेवारीच्या प्रदर्शनासाठी काहीतरी करून मागितलं आणि न्हावा शेव्याच्या ऑफिसात दिवसभर कंटेनरचे कागद हलवणारी मी, कुणाला न विचारता हो म्हणून मोकळी झाले.

नवरा ट्रेलर चालवतो. घरी आला की आधी टेबलाशी येऊन विचारायचा, "झाली का भातुकली?" मी लक्ष देत नसे. मला वेड लागलं होतं, आणि ते मला फार आवडलं होतं. अंगठ्याच्या पेराएवढे बेचाळीस शिपाई मागवले, भिंगाखाली एकेकाचे पट्टे रंगवले. किहीमला माहेरी गेले ती पिशवीभर काथ्या घेऊन आले. तो बारीक कापून रांगेत रोवला आणि कापणी झालेल्या भाताचे खुंट जमिनीतून वर आले तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

अडचण एकच होती, माहितीची. बाबांची लढाई चार शब्दांत संपायची. हुकूम झाला, उठलो, पलालो, जिकलो. गाव त्यांना दरवर्षी झेंड्याला बोलवायचं, तिथेही एवढंच. मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, "पाच बांध व्हते. पाचव्याच्या पुढं तलं, ताडाची झाडं, मागं त्यांचं मोर्चं. आता पुरं झाल्याबिगर मला बोलवू नको." म्हणजे परीक्षा एकदाच आणि तीही शेवटी. शाळा काय म्हणेल याची मला फिकीर नव्हती. बाबांनी बघून 'हीच ती जागा' म्हणावं, एवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

पाच बांध घालायला माती हवी होती. नवऱ्याने आमच्या मिठागरातली आणली. आगराचा तळ माझ्या सासरची ही माणसं पायांनी तुडवून तुडवून गुळगुळीत करतात, आणि त्या मातीचा या घराला अभिमान केवढा! "सिमेंटच्या तोंडात मारंल अशी माती हाय," तो म्हणाला. खरंच, लोण्यासारखी वळत होती. तिचे बांध घातले, खाचरं लिंपली, वर तपकिरी रंगाचे दोन हात दिले. शेवटी शिपाई टाचण्यांवर उभे केले. बाबांना पाचव्या बांधावर, सगळ्यांच्या एक पाऊल पुढे. त्यांच्या चेहऱ्यावर मी तीन वेळा रंग चढवला होता.

रविवारी सकाळी उठून बघते तर शेत पांढरं. माती वाळताना तिच्यातलं मीठ रंग फोडून वर आलं होतं, बांधांवर, खुंटांच्या मुळाशी, शिपायांच्या पायांत. ओल्या फडक्याने पुसलं. दुपारपर्यंत ते दुप्पट होऊन परत आलं. सोमवारी सगळं शाळेत पोचवायचं होतं.

"आगराची माती ती, मीठच येणार," नवरा हसला.

"मग आणताना तोंडात गुळणी धरली होती का तुम्ही?" मी त्याच्यावर अशी ओरडले की मागच्या दारी बसलेले बाबा काठी टेकत आत आले. पुरं झाल्यावर बोलवायचं होतं त्यांना, आणि ते या नासाडीसमोर उभे होते. मला रडू आवरेना.

बाबा वाकले. पांढऱ्या थरावरून त्यांनी बोट फिरवलं.

"धुकं," ते म्हणाले. "धुकं व्हतं, ह्ये तुला कोनी सांगितलं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान हलवली, त्याने सांगितलं नव्हतं.

"असंच. भुईला चिकटून. हीच ती जागा, पोरी."

मी अक्षरशः उडी मारली. नवऱ्याचा हात धरून नाचलेही असते, पण बाबांचं बोट पाचव्या बांधावर थांबलं होतं.

"ह्यो कोन?"

"तुम्ही."

त्यांनी तो शिपाई टाचणीसकट उपटला. बोटाने मागे मागे बांध मोजले आणि दुसऱ्या बांधाच्या आडोशाला त्याला पालथा ठेवला.

"मी हितं व्हतो. हुकूम झाला, सगले उठले. माजे पायच हालंनात. म्होरं गोल्यांचा आवाज, कोन तरी वरडत व्हता, आन मी तोंड मातीत घालून. मंग कवातरी उठलो. धुक्यात कोनाला दिसलं न्हाय."

नवरा जागचा हलला नाही. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं. खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला, तीन वेळा रंगवलेला माझा शिपाई! मग त्या रागाची लाज वाटली. मी म्हटलं, "बाबा, शाळेत सगळं गाव येणार आहे. राहू दे ना पुढेच. कोणाला कळतंय?"

"तुला खुंटाची रांग वाकडी झाली तर जेवन जात न्हाय," ते म्हणाले, "आन मला तीन बांध म्होरं ठेवतंस?"

दोन महिने जी लढाई मी शोधत होते ती आत्ता, या टेबलावर सापडली होती. मी पातं घेतलं. धावणाऱ्या शिपायाचे गुडघे कापले, पाय सरळ केले, पोटाला गोंद लावला.

"बघा हं, एकदा चिकटला की निघणार नाही," मी म्हटलं.

"लाव."

मी त्याला दुसऱ्या बांधाच्या मागे टेकवला. गोंद धरेपर्यंत बाबा त्याच्या पाठीवर हलकेच बोट ठेवून उभे राहिले.