अण्णांचा सॅक्सोफोन आणि जाझवरचं व्याख्यान

अण्णा, म्हणजे माझे वडील, बीडच्या एका बँडपार्टीत सॅक्सोफोन वाजवायचे. वराती, मिरवणुका, कधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाची वाजतगाजत निघालेली अंत्ययात्रा. पुढं डीजे आले आणि बोलावणी थांबली. तोवर त्याच कमाईवर शिकून मी कॉलेजात प्राध्यापक झालो होतो. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की, वडील खासगी नोकरीत होते, असं मी सांगायचो.

जाझ मला मोबाईलवर सापडलं. एका दुपारी अण्णांना सॅक्सोफोनचा एक तुकडा ऐकवला आणि सांगत गेलो: हे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या काळ्या लोकांचं संगीत, त्यांचेही बँड रस्त्यानं वाजवत फिरायचे; मयतीला जाताना संथ, परतताना नाचरं. पुढं नाचघरांतले मोठे स्विंग बँड आले, नंतर चारपाच जणांचं भरधाव बीबॉप. अण्णा डोळे मिटून ऐकत होते.

"ह्यो गडी चाल सोडून लई लांब गेलाय, पण वाट इसरला न्हाई," ते म्हणाले. "आमी असं वाजवलं की नवरदेवाचा मामा वरडायचा, धड वाजव बे!"

त्यांनी सॅक्सोफोनची पेटी उघडली. आठवडाभरात तो तुकडा बसवला आणि मग त्यात आपल्या मनचं घालायला लागले. इतके खूश मी त्यांना फार वर्षांत पाहिले नव्हते.

तेव्हाच कॉलेजात 'जाझची ओळख' हे व्याख्यान ठरलं. वक्ते पुण्याचे. शेवटी दहा मिनिटं इथले एक सॅक्सोफोनवाले वाजवतील, असं मी प्राचार्यांना सुचवलं.

"कोण?"

"बँडपार्टीत होते."

ते हसले. "सर, कॉलेजचा कार्यक्रम आहे. वरात नाही."

"बरोबर आहे सर," मी म्हणालो.

घरी अण्णांना सांगितलं, वेळ कमी आहे, तुमचं वाजवणं होणार नाही. त्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून नुसते ऐकायला आले, मागच्या रांगेत बसले. ज्या वादकांनी हे संगीत घडवलं त्यांना हॉटेलात पुढच्या दारानं आत येऊ देत नसत, असं वक्त्यांनी सांगितलं तेव्हा सगळं सभागृह हळहळलं. सगळ्यांत जास्त प्राचार्य.

नंतर चहाच्या वेळी अण्णा वक्त्यांना गाठून हातवारे करत काहीतरी विचारत होते. प्राचार्यांनी मला विचारलं, "हे कोण?"

"गावाकडचे आहेत. ओळखीचे."

अण्णा दोन हातांवर उभे होते. त्यांनी ऐकलं.

रिक्षात त्यांनी एवढंच विचारलं, "कामून म्हणलास तसं?" मी रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागलो.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सॅक्सोफोन आष्टीच्या एका बँडवाल्याला देऊन टाकला. मी अडवायला गेलो, तर म्हणाले, "त्याला तरी वाजवायची लाज न्हाई."

आता जाझवर बोलायला इतर कॉलेजांतून मला बोलावणी येतात. मी जातो, चांगलं बोलतो. अण्णा घरीसुद्धा मला 'सर' म्हणतात.