टेस्ट पास, मशीन नापास

"पडेगावला जा, एकदा स्पीड टेस्ट लावून दाखव अन् नवीन कॉम्प्युटरचं बोलून ये," मालक म्हणाले.

क्रांती चौकातल्या त्यांच्या दुकानात मी रिपेअरिंग करते. पडेगावच्या रुखसानाबाजींच्या कॉम्प्युटरला आमच्याच दुकानानं एसएसडी बसवली होती. एसएसडी म्हणजे फिरणारी चकती नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी वेगवान डिस्क. तरी मशीन रांगतच होतं.

बाजी म्हणजे ताई. त्या घरी लग्नाचे अल्बम डिझाइन करतात. मी गेल्यावर त्यांनी बटण दाबलं अन् चहा टाकला. चहा पिऊन झाला तरी विंडोज उघडायचंच होतं.

"गिऱ्हाईक दुसरीकडं चाललंय," त्या म्हणाल्या. "खरं सांग, मशीन गेलं का?"

मी टेस्ट लावली. डिस्कवर फाइल लिहायची, परत वाचायची अन् वेग मोजायचा, एवढंच असतं त्यात. आकडे झकास आले. मालकांना फोन केला.

"मग झालं की. एसएसडी ठीक, म्हणजे मशीनच जुनं."

मला पटेना. डिस्क इतकी पळत असेल तर विंडोज का अडतंय? कुठल्या डिस्कवर काय आहे ते उघडून बघितलं. एसएसडी जवळपास रिकामी होती. विंडोज अजून जुन्या हार्ड डिस्कवरूनच चालत होतं. नवी डिस्क बसवली, पण विंडोज तिच्यावर हलवायचं राहून गेलं होतं. टेस्ट खरी होती, पण ती नुसती बसून असलेल्या डिस्कची होती.

मी मालकांना पुन्हा फोन लावला.

"गुपचूप हलवून टाक," ते म्हणाले. "व्हायरस होता म्हण."

"नाय म्हणणार. चूक आपली आहे, तेच सांगणार."

"मग उद्या दुकानात येऊ नको."

"बरं," म्हणत मी फोन ठेवला अन् बाजींना सगळं सांगितलं.

"अन् मी मशीनला शिव्या देत होते," त्या म्हणाल्या. "कर आता नीट."

आधी अल्बमच्या फाइल्सची कॉपी काढली. मग विंडोज एसएसडीवर घेतलं अन् मशीन तिच्यावरूनच सुरू होईल अशी सेटिंग केली. बटण दाबलं. बाजी खुर्ची ओढून बसेपर्यंत विंडोज उघडलं होतं. त्यांनी अडकलेला अल्बम उघडला अन् लगेच कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला दुकानात गेले.

"तुला नको म्हटलं होतं ना?" मालक म्हणाले.

"टेबलावर मशीनं पडलीत," म्हणत मी स्क्रूड्रायव्हर उचलला. त्यांनी पहिलं मशीन माझ्याकडं सरकवलं.

माफी कुणी मागितली नाही. एवढंच झालं, की आता आमच्याकडं टेस्टच्या आधी विंडोज कुठल्या डिस्कवर आहे ते बघतात. जी डिस्क मोजायला सांगाल, टेस्ट तिचाच वेग सांगते. काम कोण करतंय, ते आपणच बघायचं असतं.