टेलरबाईंच्या पाठीचं दुखणं

टेलरबाईंची पाठ कधीच दुखली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सगळं घर त्या पाठीच्या मागे लागलं. तीस वर्षं मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईची पाठ ठणठणीत असते यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पण बाईंची होती. कापडाचा अख्खा तागा त्या एका दमात खांद्यावर टाकत आणि वर "सरका हो जरा" म्हणून नवऱ्यालाच बाजूला करत.

खरी गोष्ट वेगळी होती. तीन मुलं झाली, त्यांच्या मागे वजन वाढलं, मग बाईंनी हट्टाने चालून चालून ते उतरवलं. वजन गेलं आणि छाती कमरेच्या दिशेने निघाली. त्यात दुकानात आरसा माणसाएवढा. गिऱ्हाइकाचं माप घेताना मागे आपणही दिसतोच. दिवसभर दुसऱ्यांच्या कपड्यांतला झोळ काढायचा, आणि स्वतःच्या अंगाला पडलेला झोळ मात्र तसाच! बाईंना ते सलायचं. अगदी रोज सलायचं.

पण म्हणायचं कसं? एकावन्नाव्या वर्षी, धाकटीचं कॉलेज संपत आलेलं असताना, "मला छाती जरा वर उचलून घ्यायचीय" असं जेवताना म्हणायची सोय असते का? म्हणून एकदा कपडे वाळत घालता घालता बाई म्हणाल्या, "पाठ फार भरून येते हल्ली. छातीच्या ओझ्याने होतं म्हणे. त्यावर ऑपरेशन असतं."

झालं! नवरा बेकरीत पीठ मळणारा, पंजे फावड्याएवढे. तो रोज संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन बसू लागला. सासूबाईंनी स्वतःची गरम पाण्याची पिशवी सुनेच्या हवाली केली. धाकटीने मशीनच्या खुर्चीला उशी बांधली. बाई बादलीकडे नुसत्या वळल्या तरी तीन दिशांनी ओरडा व्हायचा, "पाठ! पाठ!" आणि मालिश अशी झकास, की खोटं मागे घ्यायची बाईंना इच्छाच होईना.

शेवटी नवराच बाईंना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी कागदावर चित्रं काढून तीन रस्ते सांगितले. पहिला, आतलं बरंचसं काढून टाकायचं, म्हणजे ओझंच हलकं. दुसरा, आतलं राहू द्यायचं, नुसती जादा कातडी काढून सगळं वर घेऊन बसवायचं. तिसरा, वर घ्यायचं आणि शिवाय आत सिलिकॉनची पिशवी ठेवायची. तिसऱ्यावर बाईंनी मनातल्या मनात फुली मारली. कापूस भरून उभा केलेला खांदा त्यांना कोटातसुद्धा खपत नसे. दुसरा ऐकला आणि जीव हरखला. हेच ते!

"तुम्हाला नेमकं काय हवंय?" डॉक्टरांनी विचारलं.

बाई तोंड उघडणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "पाठीसाठी आलोय, डॉक्टर. फार सोसते ही. बोलून दाखवत नाही."

"मग पहिलं. नुसतं उचलल्याने ओझं कमी होत नाही. पण मला यांच्या तोंडून ऐकायचंय."

आता सांगावं तर नवरा शेजारी, हातांना अजून तेलाचा वास. "पाठच," बाई पुटपुटल्या आणि खाली सही करून मोकळ्या झाल्या. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी बाईंना उभं केलं आणि जांभळ्या पेनाने छातीवर रेघा ओढायला सुरुवात केली. इथे जरा गडबड झाली. दुसऱ्या कुणाला त्या रेघा नुसत्या रेघा वाटल्या असत्या, पण बाईंचा जन्म खडूच्या रेघा वाचण्यात गेला होता. भिंतीवरच्या आरशात त्यांनी पाहिलं आणि खालच्या आडव्या रेघांवर बोट ठेवलं.

"एवढं सगळं जाणार?"

"हो. जवळजवळ निम्मं."

झोळ आहे म्हणून कापड कापायचं नाही, हे त्यांनी हाताखालच्या प्रत्येक मुलीला टाके शिकवायच्या आधी शिकवलं होतं. झोळ टाक्याने काढतात. कापलेलं कापड परत येत नाही.

"थांबा!" बाई ओरडल्याच. "हे कापायचं माप झालं. मला नुसतं फिटिंग हवंय!"

"म्हणजे?"

"झोळ काढा. कापड आहे तेवढं राहू दे."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "आणि पाठ?"

"पाठीला काय धाड भरलीय?"

नवऱ्याला आत बोलावलं. बाईंनी गाऊन गच्च आवळला आणि एका दमात सांगून टाकलं, "माझी पाठ दुखत नाही. कधीच दुखली नाही. मला आरशात बरं दिसायचंय. माझं मला."

"मग सहा महिने मी मालिश कशाची करत होतो?"

"पाठीचीच. आणि फार छान करता."

नर्स तोंडावर हात दाबून बाहेर पळाली. नवरा मात्र हसला नाही. "मला सांगायला काय झालं होतं? मी हसलो असतो का?" त्याला खरंच लागलं होतं. बाईंना भरून आलं. "तुम्ही नसता हसलात हो. मलाच लाज वाटली."

"खाली बसलेलं पीठ मीसुद्धा टाकून देत नाही," तो म्हणाला, "परत वर आणतो." मग मात्र डॉक्टरसुद्धा हसल्या. सही दुसऱ्याच ऑपरेशनची होती, त्यामुळे आज काही होणार नव्हतं. रेघा स्पिरिटने पुसल्या, तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली, आणि त्याआधी एकट्या येऊन बोलून जा म्हणून बजावलं.

घरी सासूबाई दारातच. "इतक्यात परत?" नवरा चहाचं आधण ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात सटकला. बाईंनी सासूबाईंना खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसल्या आणि सगळं सांगितलं. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून त्या मान खाली घालून वाट बघत राहिल्या.

सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी दर वर्षी महिनाभर बहिणीकडे जाते ना, गुडघ्यांना तिकडची हवा मानवते म्हणून?"

"हो."

"गुडघ्यांना काही होत नाही गं. आम्ही पत्ते खेळतो. दोघी सकाळपासून बसतो." त्यांनी सुनेचा हात धरला. "घरात बाईला काही हवं असलं, की आधी तिला कुठेतरी दुखावं लागतं. पण त्याला सांगू नकोस हं. बिचारा दर वर्षी मला धरून धरून गाडीत बसवतो."

बाईंना हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. "तुम्हीच सांगा, आई. मी सांगितलं. बघा, जिवंत आहे."

सासूबाईंनी दोनदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हाताला न धरता ताडकन उठल्या आणि तरातरा आत गेल्या.

"अरे, गॅस बारीक कर," त्या म्हणाल्या, "तुला एक सांगायचंय."